गल्ली नंबर चारचं आभारपत्र

या, असे पुढं सरकून बसा. मागं पंख्याच्या घरघरीत निम्मे शब्द विरून जातात. टाळ ठेवा घटकाभर बाजूला, आणि तान्ह्या लेकरावाल्या बायांनी भिंतीला टेकावं. आज मी तुम्हाला एका रस्त्याची गोष्ट सांगणार आहे. ऑफिसात तो रस्ता गुळगुळीत होता, आणि दारात त्याच्यात नडगीपर्यंत पाणी साठायचं. ऐकताना राग येईल. येऊ द्या. देवापुढं राग आणू नये असं कुणी म्हणालंच, तर त्याला माझ्याकडं पाठवा.

तर पैठण रस्त्याला लागलं की डाव्या अंगाला केशवविहार म्हणून एक वसाहत आहे. तिच्या चार नंबरच्या गल्लीत, म्हणजे आमच्याच गल्लीत, मधुसूदनराव राहतात. सगळी गल्ली त्यांना भाऊसाहेब म्हणते, कारण उभी नोकरी त्यांनी तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेल्या कागदावर गोल शिक्का मारायचा, तारीख टाकायची, नंबर द्यायचा. अक्षर असं, की छापखान्यानं लाजावं. निवृत्त झाल्यावर गल्लीच्या भजनी मंडळाचं सचिवपद त्यांच्याकडं आलं आणि तेही त्यांनी त्याच टापटिपीनं सांभाळलं. मंडळाचं लेटरहेड, मंडळाचा शिक्का, शाईचा पॅड, सगळं देवघराखालच्या खणात.

त्यांच्या समोरच्या घरात फकिरा नाना. मूळचे गंगापूरकडचे, शेती करणारे. शेत धाकट्या भावाच्या हवाली करून लेकाकडं राहायला आलेले. लेक बिडकीनच्या कारखान्यात, पाळीपाळीनं कामाला. सून अपेक्षा घरात शिवणकाम करायची, आणि भजनाच्या दिवशी सासऱ्याच्या मृदंगाला लावायची कणीक स्वतः तिंबून द्यायची. नाना म्हणायचे, "पोळीची कणीक बिघडली तरी चालंल माय, पर ही नको." आणि मृदंग कसा वाजायचा म्हणून सांगू? नानांचा उजवा हात मृदंगाच्या काळ्या शाईवर पडला की कीर्तनकार क्षणभर पुढचा शब्द विसरायचे. भाऊसाहेब टाळ धरून नानांच्या शेजारी उभे राहायचे. दोघांची मैत्री तिथलीच. बाकी एकानं जन्मभर कागद उचलला आणि दुसऱ्यानं नांगर.

आता मंडळाची एक रीत सांगतो, कारण गोष्ट तिच्यावरच उभी आहे. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, वीणा उभी राहिली की एकेक जण पुढं येऊन आपली सेवा बोलतो. कुणी पंगत, कुणी मंडप, कुणी कीर्तनकार महाराजांचा विडा-दक्षिणा. बोलला की त्याला तिथंच नारळ आणि मंडळाचं आभारपत्र. 'आपण ही सेवा केलीत, मंडळ आपलं ऋणी आहे.' वीणेपुढं दिलेला शब्द म्हणजे काम झालंच, अशी समजूत. चोवीस वर्षांत एकही पंगत चुकली नव्हती, म्हणून ही रीत कुणाला खटकली नव्हती.

गल्लीचा रस्ता मात्र पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेला. नळ आला नाही, खड्डे आले. अशात मागच्या माघातल्या सप्ताहाला काकासाहेब आले. काकासाहेब म्हणजे आमचे माजी नगरसेवक, मंडपाचा खर्च दरसाल त्यांचाच. वीणेपुढं उभे राहून, हात जोडून म्हणाले, "माउली, तुमच्या रस्त्याचा निधी मंजूर झालाय. महिन्याभरात डांबर पडलं म्हणून समजा." टाळ्या झाल्या. भाऊसाहेबांनी रीतीप्रमाणं सुरेख अक्षरात पत्र लिहिलं, 'आपण गल्ली नंबर चारचा रस्ता करून दिलात, समस्त रहिवासी समाधानी व ऋणी आहेत.' खाली सही, सहीवर शिक्का. नारळासकट पत्र काकासाहेबांच्या हाती.

सहाव्या दिवशी पालखी गल्लीतून निघायची होती. पालखीला खड्ड्यांतून कसं न्यायचं? मग गल्लीनंच ट्रॅक्टरभर मुरूम आणला. गड्यांनी पसरला, बायांनी पाणी मारलं, पाण्यानं भरलेलं पिंप लोटत लोटत दाबून घेतला. जिथं पिंप पोचेना तिथं फकिरा नाना उकिडवे बसून तळहातानं थापटत होते. अपेक्षा हसून म्हणाली, "नाना, मुरूम हाय तो, मृदंग नाय." नाना म्हणाले, "देव जाणार ना यावरून? मग तालातच बसू दे." वर सडा पडला, रांगोळ्या आल्या. दोन दिवस गल्ली नवरीसारखी दिसत होती. प्रसादाला आलेला, रस्त्याच्या ठेकेदाराचा माणूस शिवराज मोबाइल काढून म्हणाला, "लई भारी केलंत. फोटो काढतो, आठवण राहील." बायांनी कौतुकानं पदर सावरले.

महिना गेला, डांबर आलं नाही. पावसाळ्यानं मुरूम धुऊन नेला. आणि भाद्रपदातल्या एकादशीला, भजनाहून परत येताना, नानांचा पाय पाण्याखालच्या खड्ड्यात गेला. खांद्यावर मृदंग होता. पडता पडता त्यांनी तो डाव्या हातानं वर धरला आणि सगळा भार उजव्या हातावर घेतला. मृदंगाला ओरखडासुद्धा गेला नाही. मनगटाचे मात्र तीन तुकडे. घाटीच्या सरकारी दवाखान्यात सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, जेवता येईल, वाजवता येणार नाही.

भाऊसाहेबांनी अर्ज लिहिला आणि वॉर्ड ऑफिसच्या चकरा सुरू केल्या. साहेब साइटवर आहेत. साहेब मीटिंगला आहेत. साहेबांची बदली झाली. अशी दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेवटी यंदाच्या सप्ताहाच्या आठवडाभर आधी मोनिका मॅडम म्हणून नव्या आलेल्या ज्युनिअर इंजिनिअरनं त्यांना खुर्ची दिली आणि फाइल काढली.

"केशवविहार, गल्ली चार. काम झालंय की, काका."

"कुठं झालंय?"

"हा बघा ना फोटो. खाली तारीख आहे, जागेची खूणपण आहे."

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. सपाट रस्ता, त्यावर रांगोळी. आणि कोपऱ्यात उकिडवे बसलेले फकिरा नाना, उजवा तळहात मुरमावर टेकलेला.

"मॅडम, हा रस्ता नाही," ते म्हणाले. "हा आमचा सप्ताह आहे."

"आणि हे पत्र? रहिवासी समाधानी आहेत म्हणून लिहून दिलंय कुणीतरी."

कुणीतरी. स्वतःचं अक्षर ओळखायला माणसाला वेळ लागत नाही. मंडळाचा शिक्का, आणि त्याच्या शेजारी आवकचा गोल शिक्का. तसे शिक्के त्यांनी जन्मभर मारले होते. त्या शिक्क्याखालचा कागद खरा धरून सरकार चालतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

मॅडमनी आवाज खाली घेतला. "एकदा काम झाल्याची नोंद झाली, की तीन वर्षं त्या रस्त्याला दुसरा निधी नाही. ठेकेदाराचं शेवटचं बिल या महिनाअखेर निघेल. त्याआधी हे पत्र खोटं आहे असं लेखी आलं, तर मला बिल थांबवून चौकशी लावता येते. पण ते तुम्हीच द्यायला पाहिजे, काका. सही तुमची आहे."

म्हणजे बघा. डांबर ज्यानं खाल्लं तो मोकळा, आणि खोटेपणाची कबुली द्यायची कुणी, तर ज्यानं भाबडेपणानं नारळ दिला त्यानं.

भाऊसाहेब तिथून थेट काकासाहेबांकडं गेले. काकासाहेबांनी चहा मागवला.

"भाऊसाहेब, तुम्ही देवमाणसं. कशाला कागदात पडता? निधी आला, वापरला गेला. पुढच्या वेळी बघू. मंडप यंदाही माझाच."

"मी पत्र दिलं ते तुमच्या शब्दावर."

"मी तर मागितलं नव्हतं. तुम्हीच दिलंत, वर नारळपण." ते हसले. "आणि आता खोटं म्हणून लिहून देणार? चाळीस वर्षांची नोकरी, एक कागद चुकला नाही म्हणून सांगता. लोक काय म्हणतील?"

भाऊसाहेबांची मान खाली गेली. खरं होतं ते. कप तसाच ठेवून ते उठले, तर मागून काकासाहेब म्हणाले, "फकिराबाबाला म्हणावं, वय झालं आता. टाळ घ्या हातात."

त्या वाक्यानं भाऊसाहेब दारात थबकले. मग पायात चपला सरकवून निघाले.

मंडळानं सांगितलं, सप्ताह उठू द्या, मग बघू. यंदाचा काला गुरुवारी आणि महिनाअखेर शनिवारी, तेव्हा बघायचं काय उरणार होतं? मंडप गेला तर सप्ताह कसा व्हायचा, हीच सगळ्यांना काळजी. घरी पत्नी पद्मजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला काय विचारता? समोर जाऊन ज्याचा हात गेला त्याला विचारा."

नाना ओट्यावर बसले होते. भाऊसाहेबांनी फोटोचं सांगितलं. नाना आधी हसले.

"माझा फोटू ऑफिसात? बरा आलाय का?"

"चांगला आलाय."

मग नानांनी मनगटावर, सळईच्या जागेवरून बोट फिरवलं. "हात सरळ दिसतोय का त्यात?"

"दिसतोय, नाना."

"मंग त्यांनी तो हात कशाला वापरला?" नाना म्हणाले. "मी देवासाठी थापटत व्हतो."

अपेक्षा दाराआडून म्हणाली, "भाऊसाहेब, तुमचं नाव खराब व्हईल म्हणून गप बसणार असाल तर बसा. पर मंग नानांच्या हाताचं कुणाला बोलू नका."

असं पोरीनं तोंडावर ऐकवलं. ऐकवावं लागलं, ही आपली तऱ्हा.

गुरुवार उजाडला. सकाळचं काल्याचं कीर्तन. यंदा मृदंग कुणी वाजवला नाही. नानांचा मृदंग खोळीत घालून वीणेशेजारी उभा केला होता आणि महाराज नुसत्या टाळांवर गायले. पुढच्या ओळीत शाल पांघरून काकासाहेब. कीर्तन संपलं की सचिवानं आभार वाचायचे, ही रीत. भाऊसाहेब उठले. कागद उलगडून वाचायला लागले.

"गेल्या साली मी, मधुसूदन, सचिव या नात्यानं पत्र दिलं, की गल्ली चारचा रस्ता झाला. ते पत्र खोटं आहे. रस्ता झालेला नाही. फोटोतला मुरूम आम्ही देवासाठी टाकला होता. माझ्या सहीची चूक माझी आहे, आणि ती मी परत घेतो. आभार कुणाचेही नाहीत."

काकासाहेब शाल सावरत म्हणाले, "भाऊसाहेब, ही जागा आहे का असलं बोलायची?"

"याच जागेवर तुम्ही शब्द दिलात. मी पत्र इथंच लिहिलं. खोडायचंही इथंच."

काकासाहेब उठून गेले. पाठोपाठ मंडपवाला खाली मान घालून दोर सोडायला लागला. कापड उतरलं आणि भर उन्हात, उघड्या डोक्यानं गल्ली बसून राहिली. कुणीही उठलं नाही. भाऊसाहेबांनी वाचलेल्या कागदावर आधी पद्मजाबाईंनी सही केली. मग रांग लागली. महाराज फेटा सारखा करत म्हणाले, "मी काही इथला रहिवासी नाही. पण गाडी तिकडं मोठ्या रस्त्याला लावून, धोतर धरून आत आलो. साक्षीदार म्हणून चालेन ना?" इतक्या रागातही लोक हसले.

शेवटी नाना आले. उजवा हात छातीशी धरलेला. "भाऊसाहेब, डावा अंगठा चालतो का ऑफिसात?"

"गड्यांचा डावाच घेतात, नाना."

मग भाऊसाहेबांनी देवघराखालचा पॅड मागवला आणि स्वतःच्या हातानं नानांचा अंगठा कागदावर टेकवला. चोवीस वर्षांत त्या पॅडवरून उठलेला तो बहुधा सगळ्यात खरा शिक्का असेल.

शुक्रवारी मोनिका मॅडमनी तो कागद आवकला घेतला. बिल थांबलं. चौकशी लागली, ती अजून चालूच आहे. गल्लीचं नाव निधीच्या यादीत परत आलं, एवढंच. डांबर अजून नाही, खोटं कशाला सांगू? गल्लीच्या तोंडाशी 'काम पूर्ण' अशी निळी पाटी अजून उभी आहे, आणि पावसात तिच्याच पायाशी तळं साचतं. मंडळानं रीत तेवढी बदलली. आता पंगत उठल्यावर पत्र मिळतं, आधी नाही. मला विचाराल तर त्या ठेकेदारानं आमच्याकडून डांबरापेक्षा हेच मोठं नेलं. शब्दावर नारळ देणारी माणसं होतो आम्ही.

नाना आता खरंच टाळ घेतात, डाव्या हातात एकच वाटी. दुसरी वाटी शेजारी उभे राहून भाऊसाहेब धरतात. दोघं मिळून एक टाळ वाजवतात. पाहिलंत तर हसू येईल, आणि मग येणार नाही.

तुम्ही सगळे आता उठाल, आपापल्या गल्लीला लागाल. एवढं करा माझ्यासाठी. जिथं कुठं कीर्तनाला बसाल आणि मृदंगावर पहिली थाप पडेल, तिथं क्षणभर फकिरा नानांच्या उजव्या हाताची आठवण ठेवा.