साक्ष फरशीची

क्लिओफस टार्व्हर यांच्या कचेरीत शिरलं की समोरच सोनेरी चौकटीतलं एक प्रमाणपत्र दिसायचं. हा व्यवसाय कृष्णवर्णीय मालकाचा आहे, असं त्यात सरकारी शिक्क्यानिशी लिहिलेलं होतं. "हे सांगायला सरकार कशाला हवं होतं? माझ्याकडे बघितलं तरी कळतं!" असं क्लिओफस येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगत. पण चौकट मात्र रोज सकाळी स्वतःच्या रुमालानं पुसत.

धंदा साफसफाईचा. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या त्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, नियम होता की सरकारी इमारतींचं मोठं काम घेणाऱ्यानं त्यातला काही वाटा कृष्णवर्णीय मालकांच्या अशा छोट्या कंपन्यांना द्यायचा. मोठं काम नेहमी कॅल्डर नावाची कंपनी घ्यायची आणि न्यायालयाच्या फरशा क्लिओफसना द्यायची. त्या फरशीत बघून वकील टाय सरळ करत, अशी तिची चकाकी! वाहवा कॅल्डरची व्हायची, पण क्लिओफसना त्याचं काही वाटत नसे. फोन आला की हो म्हणायचं, एवढाच त्यांना धंदा ठाऊक. जन्मात त्यांनी स्वतःच्या नावानं एक टेंडर भरलं नव्हतं.

एका सकाळी फोन आला, पण तो निराळाच. कॅल्डरचा व्यवस्थापक म्हणाला, "नियम बदललाय, मिस्टर टार्व्हर. वाट्याची अट काढून टाकलीय. आता सगळ्या इमारतींचं एकच टेंडर. आम्ही आमचीच माणसं लावू. गैरसमज नसावा."

क्लिओफस खुर्चीत बसले ते बसलेच. त्यांच्याकडे वीसेक माणसं होती. बहुतेक बायका, त्याही पन्नाशीच्या पुढच्या. वर्लीनच्या घरात तर ती एकटीच कमावती. या सगळ्यांना सांगायचं तरी काय?

त्यांची बायको व्हर्नेल कचेरीतले फोन सांभाळायची. ती म्हणाली, "भिंतीकडे काय बघताय? ती चौकट फोन उचलणार आहे का? आयोलाबाई चर्चच्या तळघरात वर्ग घेतात टेंडरचा. उठा, जा."

"या वयात वर्गात बसू?"

"मग या वयात घरी बसा. मला चालेल, भांडी तरी घासाल."

क्लिओफस उठले.

आयोला स्टब्ज यांनी आयुष्यभर लष्करासाठी खरेदी केली होती. मोज्यांपासून साबणापर्यंत सगळं. विकणारे कसे घोळ घालतात हे त्यांनी टेबलाच्या पलीकडून बघितलेलं. त्यांच्या वर्गात पाऊल टाकलं आणि क्लिओफस दारातच थबकले. पहिल्या रांगेत ओडेसा प्रुइट बसल्या होत्या.

ओडेसाबाईंचाही धंदा साफसफाईचा; काउंटीच्या दवाखान्याचं काम कॅल्डर त्यांना द्यायची. चर्चही तेच. पण दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. क्लिओफसनी एकदा भक्तिभावानं चर्चच्या व्यासपीठाला मेण लावून दिलं होतं. त्या रविवारी पाळकसाहेब प्रवचनाच्या ऐन भरात एक पाय उचलून वळले आणि थेट गायकवृंदाच्या मांडीवर जाऊन बसले. मंडळींना वाटलं त्यांच्या अंगात पवित्र आत्मा आला. तेवढ्यात गायकवृंदातून ओडेसाबाईंचा खणखणीत आवाज आला, "मेण जास्त झालंय!" ते क्लिओफसना फार लागलं होतं.

"या, ब्रदर टार्व्हर," आयोलाबाई चर्चच्या रीतीनं म्हणाल्या. "समजा, मी काउंटी. तुम्ही काय काम केलंय ते सांगा."

क्लिओफसनी कोटाचं बटण लावलं, घसा खाकरला. "सर्वप्रथम देवाला मान देतो, जो माझ्या जीवनाचा धनी आहे. मग आमच्या पाळकांना, पाळकांच्या पत्नीला, सर्व डीकन बंधूंना, स्वयंपाकघरातल्या भगिनींना, आणि देवाघरी गेलेल्या माझ्या आईला, जिनं मला..."

"वेळ संपला," आयोलाबाई म्हणाल्या. "तुम्ही अजून आईजवळच आहात. न्यायालयात पोचलाच नाहीत!"

वर्ग खो खो हसला. क्लिओफस ओशाळले. "अहो, पण लहानपणापासून चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्यायची म्हटलं की आम्हाला हेच शिकवलंय. देवानं केलं म्हणायचं. मी केलं, मी केलं म्हणणारा माणूस आईला खपायचा नाही."

"बरं. न्यायालयात नळ फुटला होता, तळमजला पाण्याखाली गेला, आणि दुसऱ्या सकाळी खटले वेळेवर सुरू झाले. ते कुणी केलं?"

"देवानं."

"देवानं बादल्या उचलल्या?"

"कृपा त्याचीच..."

"अहो, कसली कृपा!" ओडेसाबाईंना राहवेना. त्या ताडकन उठल्या. "हा माणूस गुडघाभर पाण्यात उभा होता. मी खिडकीतून माझ्या डोळ्यांनी बघितलंय! याच्याकडच्या बायका गात गात पाणी उपसत होत्या. सकाळी न्यायाधीशबाई आल्या तेव्हा फरशी कोरडी ठणठणीत होती, आणि हा जिन्यावर बसल्या बसल्या घोरत होता. असं काम या गावात दुसरं कुणी करणार नाही!"

"आमेन!" वर्ग ओरडला.

ओडेसाबाई भानावर आल्या आणि खाली बसल्या. "मेण मात्र जास्त लावतो," त्या पुटपुटल्या.

आयोलाबाईंनी टेबलावर थाप मारली. "सापडलं! तुम्हाला स्वतःचं सांगता येत नाही, दुसऱ्याचं मात्र झकास सांगता येतं. ब्रदर टार्व्हर, आता तुम्ही सिस्टर प्रुइटबद्दल बोला."

क्लिओफसनी छताकडे बघितलं. "सिस्टर प्रुइट... वेळेवर येतात."

"पुढे?"

"दवाखाना स्वच्छ ठेवतात."

"तुम्हाला कसं माहीत?"

क्लिओफस घुटमळले. मग म्हणाले, "मी चोरून बघायला गेलो होतो. धूळ सापडली असती तर कॅल्डरला कळवणार होतो. प्रत्येक खोलीत खिडकीच्या कडेवरून, पलंगाखालून बोट फिरवलं. बोट जसंच्या तसं! शेवटी नर्सनं विचारलं, काका, कुठे दुखतंय? मी म्हटलं, बोट."

ओडेसाबाई हसू दाबत म्हणाल्या, "आणि मला कॅल्डरवाले सांगायचे, टार्व्हर कमी पैशात करतो, तुम्हीही कमी करा."

"अहो, मला ते सांगायचे, प्रुइटबाई कमी करतात!"

एवढी वर्षं दोघांनी आपापल्याकडच्या कामगार बायकांचा पगार दाबून धरला होता आणि त्यावर तिसऱ्यानंच पोळी भाजून घेतली होती.

"पण अट काढली हा अन्याय नाही का?" क्लिओफस उसळून म्हणाले. "आमच्या बापांना पुढच्या दारानं आत सोडत नव्हते, म्हणून तर ती अट आली!"

"अन्याय आहेच," आयोलाबाई शांतपणे म्हणाल्या. "काउंटीच्या बैठकीत जाऊन भांडा, मी बरोबर येते. मतदानाच्या दिवशीही लक्षात ठेवा. पण तुमच्याकडच्या वर्लीनचं घर त्या भांडणाच्या निकालापर्यंत थांबणार नाही. अटीनं दार उघडून दिलं होतं, ब्रदर. तुम्ही आत जाऊन दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहिलात. स्वतःची खुर्ची मागितलीच नाहीत. नव्या नियमात दोन छोट्या कंपन्या मिळून टेंडर भरू शकतात. भरा!"

टेंडर भरलं गेलं. कंपनीच्या नावात आधी टार्व्हर की आधी प्रुइट, यावर टेंडरपेक्षा जास्त वेळ गेला. शेवटी व्हर्नेलनं नाणं उडवलं.

सुनावणीला समितीसमोर आधी कॅल्डरचा माणूस उभा राहिला. पडद्यावर रंगीत चित्रं, आकडे, बाण. आणि शेवटचं चित्र न्यायालयाच्या फरशीचं! "आमचं काम स्वतःच बोलतं," तो म्हणाला. क्लिओफसची कानशिलं तापली. ती त्यांची फरशी होती!

मग यांची पाळी आली. ओडेसाबाईंनी फुटलेल्या नळाची हकीकत सांगितली. क्लिओफसनी दवाखान्यातल्या बोटाची सांगितली, तेव्हा समितीतले लोकही हसले. पण अध्यक्षबाईंनी चष्मा खाली केला. "फरशी तर मघाशी कॅल्डरनं दाखवली. मग ती नक्की कुणी केली?"

क्लिओफसनी ओडेसाबाईंकडे बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "हे तुम्हीच सांगायचं."

क्लिओफस उठले. सवयीनं तोंडात देवाचं नाव आलं, ते त्यांनी मनातल्या मनात घेतलं.

"मी केली, बाई!" ते म्हणाले. "मी आणि माझ्या माणसांनी केली! पूर्वेच्या खिडकीखाली एक फरशी तडकलेली आहे. तिथं यंत्र फिरवलं तर तुकडा निघेल, म्हणून वर्लीन ती गुडघ्यावर बसून हातानं पुसते. तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. चूक माझी आहे. मी कधी सांगितलंच नाही!"

अध्यक्षबाई कॅल्डरच्या माणसाकडे वळल्या. "तुम्हाला ती तडकलेली फरशी माहीत असेल?"

"ते... बघून कळवतो," तो म्हणाला.

काम टार्व्हर आणि प्रुइट यांना मिळालं. न्यायालय, दवाखाना, सगळ्या इमारती. अट परत यावी म्हणून ते दोघं आयोलाबाईंबरोबर काउंटीच्या बैठकींना जातात. तिथं क्लिओफस इतकं बोलतात की आता त्यांना आवरावं लागतं.

वाचकहो, नम्रता चांगलीच, पण आपल्या हाताखालच्या माणसांचे कष्ट झाकून टाकणारी नम्रता ही नम्रता नव्हे. आपण गप्प बसलो की आपलं काम दुसऱ्याच्या नावावर चढतं, आणि शेजाऱ्याचे पाय ओढत बसलो की दोघांचीही भाकरी तिसरा नेतो. सरकारचे नियम आज एक असतील, उद्या दुसरे. चुकीच्या नियमाशी जरूर भांडावं. पण भांडताना शेजाऱ्याचा हात धरावा आणि आपलं नाव मोठ्यानं घ्यावं.

नवं काम सुरू झालं त्या पहिल्याच सोमवारी एक वकीलसाहेब न्यायालयात शिरले आणि फरशीकडे बघून म्हणाले, "कॅल्डरवाल्यांनी छान चकचकीत ठेवलीय हं!"

खिडकीखाली गुडघ्यावर बसलेली वर्लीन उभी राहिली. तिनं कंबर सरळ केली.

"कॅल्डर नव्हे, साहेब," ती म्हणाली. "टार्व्हर आणि प्रुइट. आणि एवढी ही फरशी माझी, वर्लीनची."

वकीलसाहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं, ते दारापर्यंत मागे गेले आणि पायपुसण्यावर बूट नीट पुसून मग आत आले.