टेशन हॉटेलचा पुढचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. चांगलाच जुना, पण माझ्यातून आजवर एकही गिऱ्हाईक आत गेलेलं नाही. हसू आलं ना? येऊ द्या. मुरबाडमध्ये माझ्याकडे बघून सगळेच हसत आले आहेत.

सध्या मी कुठल्याच भिंतीत नाही. चौकटीसकट उखडून मला हॉटेलच्या मागच्या बाजूला टेकवून ठेवलं आहे. अंगाला वाळवीच्या औषधाचा उग्र वास येतोय. समोरून एसटी गेली की माझ्या कड्या वाजतात आणि माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. कधी एकदा उभा राहतोय असं झालंय. तोवर तुमच्याशी बोलावं म्हणतो. तेवढीच चुळबूळ कमी.

मी सागाचा. मला करवून घेतलं राघोशेटनी. हे राघोशेट तरुणपणी खर्डी स्टेशनाबाहेर एका चहाच्या दुकानात कपबश्या विसळत. गाडी थांबते, माणसं उतरतात, उतरली की त्यांना भूक लागते आणि जे पहिलं दार दिसेल त्यात ती शिरतात, एवढं त्यांनी तिथं नीट पाहून ठेवलं होतं. पुढे ते आपल्या गावी, मुरबाडला परतले, तेव्हा इथं रेल्वे येणार अशी हवा होती. काही माणसं दुर्बीण घेऊन भाताच्या खाचरांतून फिरली आणि एका बांधावर चुना फासलेला दगड रोवून गेली. झालं! राघोशेटनी त्या दगडासमोरची जागा घेतली आणि दगडाकडे तोंड करून हॉटेल बांधलं. पाटी लावली, ‘स्टेशन हॉटेल’. लोक म्हणू लागले, टेशन हॉटेल.

पुढचा दरवाजा दिमाखदार हवा, कारण गाडीतून उतरणाऱ्याला आधी तोच दिसणार. म्हणून माझ्या वरच्या पट्टीवर मधोमध गणपती कोरला आणि गणपतीच्या शेजारी आगगाडीचं इंजिन. कोरणाऱ्या सुताराने इंजिन कधी पाहिलं नव्हतं. राघोशेट हातवारे करून सांगत गेले आणि तो कोरत गेला. म्हणून माझ्या इंजिनाला बैलगाडीसारखी आऱ्यांची चाकं आहेत आणि धूर निघतोय तो कोबीच्या गड्ड्यासारखा. पण कोरलंय मात्र मन लावून.

रेल्वे काही आली नाही. अजूनही ‘येणार येणार’ चालूच असतं. मी आता त्यावर काही बोलत नाही. आला तो एसटी स्टँड, आणि तोही हॉटेलच्या पाठीमागे! माणसं बसमधून उतरायची आणि समोर दिसेल त्या दारातून आत शिरायची. राघोशेटचा हिशेब अगदी बरोबर होता हो, फक्त दार चुकलं. कारण समोर दिसायचं ते स्वयंपाकघराचं दार. लाकूडफाटा आत घ्यायला केलेलं, फळ्यांवर पत्रा ठोकलेलं, कडीच्या जागी सुतळी बांधलेलं. त्याच्यावर कुणी गणपती कोरला नव्हता. आणि सगळी माणसं त्याला!

मग या हॉटेलात एक रीतच पडली. गिऱ्हाईक चुलीवरूनच आत यायचं. येता येता भांड्यांवरची झाकणं उचलून बघायचं आणि विचारायचं, “बाय, आज काय?” मग पसंत पडेल ते सांगून पुढं जाऊन बसायचं. कोर्टाच्या तारखेला आलेला असो, बाजाराला आलेली असो, नाहीतर माळशेजच्या बाजूचा जीपवाला असो, सगळ्यांची हीच तऱ्हा. भिंतीवर भावफलक होता, पण तो कुणी वाचल्याचं मला आठवत नाही.

मी हे सगळं नुसतं ऐकायचो. झाकणाचा आवाज, हसणं, फुंकर मारून चहा पिणं. माझ्यासमोर काय, तर भाताचं खाचर, तो चुन्याचा दगड आणि दगडाला पाठ घासणारी म्हैस.

राघोशेट होते तोवर रोज सकाळी मला उघडत, खुर्ची टाकून बसत आणि बांधाकडे बघत राहत. दसऱ्याला तेल लावत, तोरण बांधत. ते गेले आणि माझी कडी लागली ती लागलीच. आतून तांदळाची पोती रचली गेली. कुलपाच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलं. उन्हाळ्यात खाचर कोरडं पडलं की पोरं माझ्यावर कोळशाने तीन उभ्या रेघा ओढायची आणि मी स्टंप व्हायचो. खोटं कशाला बोलू, ते दिवस मला आवडायचे. निदान कुणीतरी माझ्या अंगावर येत होतं, चेंडू का असेना.

मग हॉटेलच बंद पडलं. कौलं सरकली, पावसाचं पाणी थेट टेबलांवर येऊ लागलं. राघोशेटचा नातू अनिल कल्याणला नोकरीला. त्याने आतलं सगळं आवरून कुलूप घातलं. आवरली गेली नाही ती एकटी गुणाबाई. या गुणाबाईंनी उभं आयुष्य त्या चुलीपुढे काढलं होतं. त्यांनी मागच्या दाराबाहेर प्लास्टिकचा कागद ताणला, शेगडी मांडली आणि चहा-भाकरी चालू ठेवली. “हॉटेल बंद झालाय,” त्या म्हणायच्या, “भूक काय बंद नाय झालेली.”

गेल्या हिवाळ्यात अनिलने ठरवलं की आजोबांचं हॉटेल पुन्हा उभं करायचं. त्याने संघरत्नाला बोलावलं. ती खर्डीची मुलगी, आर्किटेक्ट, जुन्या इमारती दुरुस्त करणारी. तिने ओढणीच्या टोकाने माझी पट्टी पुसली, इंजिन पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग माझ्यावर हात फिरवून म्हणाली, “असा दरवाजा मी कुठंच पाहिला नाही. हाच मुख्य दरवाजा. जसा होता तसा, जिथं होता तिथंच.”

मित्रांनो, एवढं कौतुक ऐकून मी आतल्या आत फुगलो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, मी भर थंडीत फुगलो.

काळूराम सुताराने मला काढलं आणि औषध वाळावं म्हणून मागे, गुणाबाईंच्या शेगडीसमोर टेकवलं. आणि मी पहिल्यांदा गिऱ्हाईकं पाहिली! इतकी वर्षं ज्यांचे नुसते आवाज ओळखत होतो, त्यांना चेहरे होते. एकजण माझ्या कडीला पिशवी अडकवून चहा प्यायला. एक बाई लेकराला दूध पाजताना मला टेकून बसली. मला कसंतरीच झालं. जिवंत झाडाला होत असेल तसं.

तिथेच मी ते भांडण ऐकलं. संघरत्नाने नकाशा पसरला होता. मागचं दार बंद करून तिथं सलग भिंत, भिंतीत एक लहान खिडकी. ताटं त्या खिडकीतून आत जातील. लोक पुढून, माझ्यातून येतील.

गुणाबाईंनी तवा उतरवून ठेवला. “म्हंजे मी भिंतीच्या आड?”

“आड कुठं मावशी, स्वच्छ स्वयंपाकघर होईल. ओटा, पंखा, सगळं.”

“पंखा गार करील गो. पन मानूस दिसल्याबिगर मी वाढू कशी? तोंड बघितलं का मला कळतं, याला दोन भाकरी पुऱ्या का तिसरी लागंल. खिडकीतून काय, नुसता हातच दिसनार.”

“ऑर्डर येईल ना चिठ्ठीवर,” अनिल म्हणाला.

“चिठ्ठीला काय भूक लागते काय रे?”

काळूराम रंधा थांबवून हसला. “काय गो गुणाबाय, म्हातारपनी सायबीन होतेस, आनि नको म्हनतेस?”

“तू गप रंधा मार. अनिल, ऐक. दार बंद केलंस तर मी येनार नाय. मंग तुझा पंखा नि तू.”

अनिलचा चेहरा उतरला. गुणाबाईंशिवाय टेशन हॉटेल म्हणजे नुसती कौलं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण संघरत्ना हटेना. मूळ प्रवेश पुढचाच, तो बदलला तर दुरुस्तीला अर्थ काय, असं तिचं म्हणणं. तिचंही चूक नव्हतं. आणि मी? मला हवं तेच तर होत होतं. तरी त्या दिवसापासून मला चैन पडेना. मला माणसं हवी होती. पण झाकण उचलून ‘आज काय’ विचारणारी हवी होती. चिठ्ठी धरून बसलेली घेऊन मी काय करू?

कामाचा नारळ फोडायचा दिवस आला. मला परत पुढे नेऊन जुन्या जागी उभं केलं, झेंडूचं तोरण बांधलं. मागच्या दाराला दोन आडवे बांबू ठोकले. अनिलने प्रत्येकाला बजावून सांगितलं होतं, “पुढनं या हं, पुढनं!” मग तो खाचरात नवा सदरा घालून, हातात नारळ घेऊन उभा राहिला. शेजारी काळूराम. मी दोन्ही फळ्या सताड उघडून तयार. राघोशेट खुर्चीत बसून बघायचे, तसाच मी बांधाकडे बघत होतो.

बांधावरून कुणी येईना.

बऱ्याच वेळाने माझ्या पाठीमागून, आतून, गलका ऐकू आला. “अरे अनिल! कुठं हायेस? आमी कवापासून आत बसलोय!” सगळी माणसं एसटीतून उतरली होती, वाकून बांबूखालून शिरली होती आणि गळक्या कौलांखाली बाकांवर जाऊन बसली होती. तालुक्याच्या कचेरीतले भाऊसाहेब तर थंड चुलीजवळ थांबून झाकण शोधत होते.

“मॅडम तरी येऊ द्या पुढनं,” अनिल कपाळावर हात मारून म्हणाला.

तेवढ्यात संघरत्ना आली. जीपमधून उतरून, फोनवर बोलत बोलत, आतून चालत माझ्यापर्यंत पोचली. ज्या दरवाजातून तिने आत यायचं, त्यातून ती बाहेर आली. तोरण डोक्याला लागलं तेव्हा ती थबकली. मागे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिच्या खांद्याला बांबूची धूळ लागली होती.

“मीपण तिकडूनच आले?” ती म्हणाली.

सगळ्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. हसू दाबायला तोंड बंद ठेवावं लागतं.

गुणाबाई मात्र आत आल्या नव्हत्या. शब्दाच्या पक्क्या, शेगडीपाशी पाठ करून बसल्या होत्या. अनिल हॉटेल ओलांडून मागे गेला आणि बांबूच्या अलीकडून त्याने नारळ पुढे केला. “तू फोड गुणामावशी. तुझ्याशिवाय नको.”

त्यांनी वळून पाहिलं. “फोडते. पन कुठल्या दारात फोडू, ते आधी सांग.”

अनिलने संघरत्नाकडे पाहिलं. तिने पिशवीतून नकाशा काढला, उघडला आणि न बघताच पुन्हा गुंडाळला. “बांबू काढा,” ती काळूरामला म्हणाली. “आणि दरवाजा पुढून काढून इकडं लावायचा. भिंत थोडी फोडावी लागेल. पुढं मोठी खिडकी करू, खाचर दिसेल. कॉलेजातल्या माझ्या सरांना कळलं तर ओरडतील. ओरडू देत.”

“आणि मॅडम,” अनिलला अजून धास्ती होती, “उद्या खरंच रेल्वे आली तर?”

“आली तर ती बी मागनंच येईल रे,” गुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिथंच, मागच्या उंबऱ्यावर, नारळ फोडला.

तर असा मी पुन्हा इकडे येऊन टेकलोय. भिंत फोडायचं काम अजून व्हायचं आहे, गवंडी उद्या-उद्या करतोय. पत्र्याचं दारही टाकून देणार नाहीत. काळूराम त्याचा पाट करणार आहे, गुणाबाईंना चुलीपुढे बसायला. त्या दाराचा हक्कच आहे तो. मी आता त्याच्यावर जळत नाही. फारसा नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कपाटात चांगल्या कपबश्या असतील, ‘पाहुणे आले की काढू’ म्हणून ठेवलेल्या. तुमच्या दप्तरात रंगाची न उघडलेली पेटी असेल. त्यांच्या वतीने माझं एवढं सांगणं आहे. नुसतं पुसून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. जे येणार आहेत त्यांच्यासाठी आम्हाला राखून ठेवू नका. जे आलेत त्यांच्यासाठी काढा. ओरखडे पडतील, पडू द्या. मग तेल लावा, खिळा मारा, पण वापरा.

आज सकाळची गोष्ट. गुणाबाई शेगडी पेटवत होत्या. गिऱ्हाईक अजून कुणी नव्हतं. त्या उठल्या, पदराला हात पुसत माझ्यापाशी आल्या. माझ्यामागे तर नुसती भिंत. तरी त्यांनी माझी कडी धरली आणि दोनदा वाजवली.

“कोन हाय का रे घरात?” त्या म्हणाल्या. “येऊ का आत?”

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच.