पोलादी रवीच्या खांद्यातली पट्टी

मी पट्टी बोलतेय. जखमेवर गुंडाळतात ती नव्हे, मोडलेल्या हाडावर स्क्रूनं बसवतात ती. लांबीला तुमच्या करंगळीपेक्षा थोडी मोठी, सात भोकांची, अंगानं किंचित वाकडी. हा वाकडेपणा मुद्दाम दिलेला आहे, कारण माणसाचं कॉलरबोनही सरळ नसतं. आणि आधीच सांगून टाकते, मी लोखंडाची नाही, टायटॅनियमची आहे. तीन वर्षं लोक मला लोखंड म्हणत आले आणि मला एकदाही 'अहो, नाही' म्हणता आलं नाही.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून घासूनपुसून, तपासून, पाकिटात बंद करून मला स्वारगेटजवळच्या एका हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या कपाटात चार महिने पडून होते. आम्हा पट्ट्यांचं नशीबच विचित्र. कुणाचं तरी काही मोडल्याशिवाय आमचं पाकीट फुटत नाही, त्यामुळे आपली पाळी यावी असं मनात आणायचीही लाज वाटते.

माझी पाळी आली ती रविराजमुळे. पुण्याजवळच्या मांजरी गावचा मुलगा, वय चोवीस, पेशा मोटरसायकलच्या शर्यती. मातीचा ट्रॅक, पुरुषभर उंचवटे आणि त्यांवरून गाडीसकट उड्या, असला हा खेळ. त्याच्या वडिलांनी, मच्छिंद्ररावांनी, उसातलं एकरभर रान मोकळं ठेवून त्याला जेसीबीनं उंचवटे करून दिले होते. तिथं शिकून तो जिंकू लागला. एका मोठ्या टीमनं त्याला पगारावर घेतलं आणि पहिल्याच मोसमात उडी चुकून तो उजव्या खांद्यावर आदळला. हाडाचे दोन तुकडे झाले.

डॉक्टर उल्का बापटांनी मला त्या तुकड्यांवर ठेवून सहा स्क्रू पिळले. मधलं भोक रिकामं ठेवलं. रविराजचं तोंड हिरव्या कापडाआड होतं, ते काही मला दिसलं नाही. मग कातडी शिवली आणि माझ्यापुढे अंधार झाला. पुढचं सगळं मी ऐकलं, नाहीतर हाडातून मला जाणवलं.

पहिले तीन महिने माझे. तो शिंकला तरी ओझं माझ्यावर यायचं. केस विंचरायला हात वर जात नव्हता, तेव्हा त्याची आई मंदाकिनी त्याचा भांग पाडून द्यायची आणि तो तिच्यावर डाफरायचा. टीमचा मॅनेजर राजस आधी रोज फोन करायचा, मग आठवड्यानं, मग नाहीच. रविराज फोन उशाशी ठेवून पडायचा. त्याचं काळीज माझ्यापासून वीतभरावर. फोन वाजला की कसं धडधडतं आणि पलीकडे भलताच कुणी निघाला की कसं बसतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

हाड जुळलं. चांगलं जुळलं. माझ्यासारख्या पाहुण्यानं निघायची वेळ झाली.

पण रविराज गाडीवर बसला, आणि दिवाळीनंतरच्या शर्यतीत चक्क पहिला आला. लगेच राजसचा फोन आला. मांजरीत फ्लेक्स लागला, 'मांजरीचा पोलादी वाघ रविराज', खाली अठ्ठावीस शुभेच्छुकांचे फोटो. मी फ्लेक्स पाहिला नाही, पण मच्छिंद्रराव तो येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायचे. म्हणायचे, "माझ्या पोराच्या खांद्यात लोखंड हाय. हात लावून बघा की!" आणि लोक बघायचे. कातडीखाली मी हाताला लागते. सरपंचांनी टकटक केलं, किराणावाल्यानं केलं, एका लग्नात तर वराकडच्या चौघांनी केलं.

पुढे रविराजलाच सवय लागली. शर्यत सुटायच्या आधी मुठीनं दोनदा ठोकायचं. त्याला खात्री वाटायची की आता तिथलं काही मोडणार नाही.

खरं काय ते सांगते. हाड जुळलं की जोर हाडानंच सोसायचा असतो. मी मध्ये अडून बसले की तो जोर माझ्या टोकाशी, शेवटच्या स्क्रूपाशी, येऊन थांबतो. काठीला अर्ध्यावर सळई बांधली तर काठी सळई संपते तिथंच मोडते, तसं. ज्या जागेच्या भरवशावर तो उड्या मारत होता, तीच जागा त्याच्या अंगात सगळ्यात कच्ची होती. आणि तिथं मी होते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दीड वर्षानं तपासायला गेला तेव्हा म्हणाल्या, "ही पट्टी आहे, चिलखत नाही. आपल्याला फरक कळतो ना?"

"मॅडम, एवढा सीझन होऊ द्या."

"सीझन दरवर्षी येतो, आंब्यासारखा. खांदे आपल्याकडे दोनच आहेत."

मला काढल्यावर हाडातली स्क्रूंची भोकं भरायला चार महिने लागणार होते. चार महिने गाडीला हात नाही. टीममध्ये एकोणीस-वीस वर्षांची दोन पोरं त्याच्या जागेवर डोळा ठेवून होती. म्हणून तो सीझन झाला, मग पुढचा झाला. देशपातळीवर तो दुसरा आला. माझ्या टोकाशी आता रोज कळ उठायची, आणि थंडीत तर बघायला नको.

ती कळ ओळखली त्याच्या बहिणीनं. शेफाली फिजिओथेरपी शिकते. एकदा खांदा चोळताना तिचं बोट बरोबर त्या जागेवर थांबलं.

"दादा, इथं दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलू नको. सगळा मसल टाइट झाला आत्ता."

काय सांगू, त्या पोरीला मिठी मारावीशी वाटली मला! तिनं भांडून मला काढायची तारीख ठरवली, त्याला हॉस्पिटलात आणलं, फॉर्म भरायला घेतला. उपाशीपोटी बाकावर बसलेल्या रविराजचं काळीज शांत होतं. मला वाटलं, सुटले. सुटला.

तेवढ्यात फोन वाजला. राजस होता. "रवी, पॉइंट्समध्ये तू टॉपला आहेस यार! दोनच राउंड राहिलेत. फिट आहेस ना? नसशील तर आत्ता सांग, मला दुसरा रायडर बघावा लागेल."

"एकदम फिट," रविराज म्हणाला आणि उठला. शेफाली जिन्यापर्यंत मागे आली. "दादा, फक्त चार महिने रे," एवढंच म्हणत राहिली. मी आत किंचाळत होते म्हणा हवं तर. सहा स्क्रूंनी जखडलेल्या पट्टीचं किंचाळणं कोण ऐकणार?

आठ दिवसांनी तो पडला. मोठ्या उडीवर नाही, गर्दीसमोर नाही. घरच्याच रानात, सराव करताना, वळणावर पुढचं चाक घसरलं. दुसरा कुणी असता तर कपडे झटकून उठला असता. तोही उठायला गेला, पण हातानं साथ दिली नाही. शेवटच्या स्क्रूपाशी हाड फाटलं होतं. मी वाकले होते, आणि माझं टोक खाली हाताच्या नसांवर रुतलं होतं.

मी. त्याला सांभाळायला ठेवलेली मी.

मला काढलं आणि धुऊन एका प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलं. डबी शेफालीच्या हातात आली, आणि ज्याच्या अंगात मी तीन वर्षं राहिले त्याचं तोंड मला पहिल्यांदा दिसलं. वाघबिघ काही नाही. पोरसवदा चेहरा, डाव्या भुवईत जुनी खोक, ओठ सुकलेले.

"मूठ वळून दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यानं खूप जोर लावला. कपाळावर शीर उठली. बोटं चादरीवर तशीच पडून राहिली.

"नसा दबल्या आहेत. वर्षभरात सुधारणा होईल किंवा होणार नाही. आज मी खोटं सांगणार नाही." मग त्यांनी नवा एक्स-रे उजेडाला धरला. त्यात माझ्या जागी नवी पट्टी होती.

रविराज त्या फिल्मकडे बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, ही आधीच्यापेक्षा लांब आहे ना?"

"हो. दहा भोकांची."

"म्हणजे जास्त मजबूत."

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खाली ठेवला. शेफालीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. मच्छिंद्रराव पुढे झाले, मुलाच्या त्या न वळणाऱ्या बोटांवर आपली मूठ ठेवली आणि म्हणाले, "लय मजबूत हाय, पोरा. लय मजबूत."

आणि रविराज हसला.

लांब म्हणजे मजबूत, हे खोटं आहे. त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं, एकट्या त्याला सोडून. त्याच्या आत आता दुसरी पट्टी आहे, तिलाही माझ्यासारखंच सगळं कळेल आणि बोलता काहीच येणार नाही. तुम्हाला तर तोंड आहे. कुणीतरी सांगा हो त्याला.