साहेबांचा हार आणि वस्तीची मोटर

आधीच सांगतो, माझं डोकं लवकर सटकतं. मी मलप्पा, उदगीरात हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशीनची कामं करतो. मशीनपेक्षा माणसंच जास्त बिघडलेली असतात, हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो. तरी गिऱ्हाईक येतं, कारण दुसरा मेकॅनिक लातूरला बसतो.

त्या दिवशी सकाळीच आनंदराजचा फोन आला. आनंदराज म्हणजे एका ठेकेदाराच्या क्रेनवरचा ऑपरेटर, चांगलं पोरगं.

"मलप्पाकाका, बूम बसून राहिलाय. वर नेला की हळूहळू खाली येतोय. लवकर या."

"कुठं हायस? टेकडीवर ना?"

"न्हाई ना. चौकात. साहेबांचा हार लावून राहिलेत."

झालं! अरे, ती क्रेन टेकडीवरच्या वस्तीवर जायची होती. तिथल्या बोअरची मोटर जळाली, पाइपासकट आतच अडकली, अन् हातानं ओढून कुणाच्या बापाला निघेना. सगळी वस्ती त्या एका बोअरवर. बाया खालच्या मळ्यातून घागरी वाहून राहिलेल्या. अन् व्यंकटनं क्रेन वाटेतच अडवली. व्यंकट म्हणजे साहेबांचा इथला खास माणूस. लातूरहून साहेब येणार, मग क्रेननं हार घातल्याबिगर स्वागत कसं व्हायचं? हातानं घातलेला हार आजकाल साहेब लोकांच्या गळ्याला लागतच न्हाई.

चौकात जाऊन बघतो तर क्रेनची पार नवरी केलेली. बूमला, म्हणजे क्रेनच्या लांब हाताला, झेंडूच्या माळा. केबिनच्या काचेवर साहेबांचं एवढं मोठं बॅनर, की आनंदराजला आतून रस्ता न्हाई, साहेबांच्या फोटोची मागची बाजू दिसावी. हुकाला लोखंडी कडं, कड्याला हार, अन् फुलं सुकू नयेत म्हणून हारावर टँकरनं पाणी मारणं चालू. वस्तीला टँकर मिळंना, हाराला मिळाला! फुलं भिजून कडं असं जड झालेलं की विचारू नका.

क्रेनसमोर नागुबाई रिकामी घागर घेऊन उभी. ती वस्तीवरची. वाट बघून थकली अन् क्रेन हुडकत खाली आली.

"मलप्पा, हिला जरा बाजूला व्हायला सांगा," व्यंकट म्हणाला.

"म्या हलत न्हाई," नागुबाई म्हणाली. "क्रेन घिऊनच जाते."

मी कामाला लागलो. टाकीतलं तेल बरोबर. पाइपातून कुठं थेंब न्हाई. गेज बघितलं, पंपाचं प्रेशर झकास. इंजिन चालू ठेवून दांडी ओढली की बूम वर जायचा, सोडली की म्हाताऱ्यावानी हळूहळू खाली बसायचा. सिलिंडरचे सील मीच नवे टाकलेले. मग राहिला सिलिंडरच्या बुडाशी बसवलेला लॉक व्हॉल्व. तेल अडवून बूम जागेवर धरणं एवढंच त्याचं काम.

"व्यंकटराव," मी म्हणालो, "वरून प्रेशर बरोबर येऊन राहिलंय. खालचा धरत न्हाई."

व्यंकटचं तोंड उतरलं. मला बाजूला ओढून कानात म्हणाला, "खालचा म्हणजे कोण? नाव सांगा. आपल्यातलाच हाय का?"

"अहो, व्हॉल्व!"

"मग वरून अजून प्रेशर आणू का?" म्हणत त्यानं साहेबांच्या पीएला फोन लावलासुद्धा. अन् दिला माझ्या हातात. पीए म्हणाला, "हे बघा मेकॅनिक, वरून आदेश आहे. बूम खाली येता कामा नये."

"त्याला तुमीच सांगा," म्हणालो अन् फोन सिलिंडरला टेकवला.

नागुबाई पदर तोंडाला लावून हसली. मला हसू येत नव्हतं. काल चांगला असलेला व्हॉल्व आज का धरंना? आनंदराजला विचारलं, "तेलात काय पडलं का रे?"

"सकाळी तेल बघायला झाकण उघडलं होतं, काका. तेवढ्यात यांनी पूजा केली."

"केली की!" व्यंकट छाती फुगवून म्हणाला. "नारळ फोडला, अन् चांगल्या मूठभर अक्षता तोंडात टाकल्या. मशीनचं तोंड तेच ना?"

शिवा शिवा शिवा! हायड्रॉलिकच्या टाकीत तांदूळ!

"अन् टाकीतली जाळी? तिनं अडवलं न्हाई?"

आनंदराजनं मान खाली घातली. "ठेकेदारानं काढायला लावली. सारखी चोंदते म्हणून."

म्हणजे तांदूळ पंपात भरडले, अन् एखादी कणी व्हॉल्वच्या तोंडात जाऊन बसली. "बूम पूर्ण खाली घे. व्हॉल्व खोलतो," मी म्हणालो.

"आता? साहेब नाक्यावर आलेत!" व्यंकट किंचाळला. "फुलंच तर उचलायचीत, लोखंड हाय का ते?"

लोखंडच होतं, पण ऐकतो कोण? डीजे सुरू झाला. साहेबांची उघडी जीप बरोब्बर हाराखाली आली, साहेबांनी हात जोडले, आनंदराजनं बाजूच्या खिडकीतून डोकावत, दांडी धरूनच हार अलगद गळ्यात उतरवला; कडं हुकालाच. टाळ्या, फटाके, मोबाईलवर शूटिंग. अन् व्यंकटनं केबिनवर थाप मारली, "इंजिन बंद कर! साहेबांच्या तोंडात धूर जातोय!"

इंजिन बंद. बूम निघाला खाली.

साहेबांची मान आधी जराशी वाकली. लोक म्हणाले, काय नम्र माणूस हाय! मग कंबर वाकली. टाळ्या वाढल्या. मग साहेब गुडघ्यावर आले, अन् कडं मानेवर बसलं. समोर कोण? नागुबाई. घागर घेऊन. आख्खा चौक बघतोय, साहेब बाईच्या पाया पडून राहिलेत.

मी केबिनकडं पळालो. आनंदराजनं दार उघडून बघितलं अन् विचारलं, "चालू करू का, काका?"

"थांब जरा," मी म्हणालो. "मावशीचं बोलणं होऊ दे."

डीजेवाल्यानंही साहेबांचं भाषण समजून गाणं थांबवलं. नागुबाई वाकून म्हणाली, "साहेब, पाया नगा पडू. वस्तीची मोटर कवा काढता, तेवढं सांगा."

"आज!" हाराच्या आतून आवाज आला. "आत्ता काढतो! आधी हे काढा!"

आनंदराजनं स्टार्टर मारला. जीप गेली तशी मी व्हॉल्व खोलला. आत होती भरडलेली कणी, इवलीशी. ती काढली, तेल बदललं, जाळी परत बसवली, अन् संध्याकाळच्या आत वस्तीवरची जळकी मोटर पाइपासकट वर काढली. बूम असा थांबला की सुतभर हलला न्हाई. वस्तीनं मला चहा पाजला. दूध होतं, पाणी मळ्यातून आणलेलं होतं.

त्याला आता लई दिवस झाले. जळकी मोटर बोअरजवळच पडून हाय. नवी कधी येणार म्हणून विचारलं तर व्यंकट म्हणतो, साहेबांनी फक्त 'काढतो' म्हणलं होतं, 'बसवतो' कुठं म्हणले?

परवा नागुबाई दुकानावर आली. पदराच्या गाठीत मूठभर तांदूळ.

"मलप्पा," म्हणाली, "साहेबांचा हार परत कवा हाय?"