पोंक्षेबाईंच्या सावलीतला ओक

हेमांगी पोंक्षे यांच्या सावलीत ओक उगवला, तेव्हा त्यांना तिथे उभं राहून जेमतेम कपातला चहा निवण्याइतका वेळ झाला होता. आधी दोन पानं आली, कडक, काटेरी कडांची. मग खोड आलं. बाईंनी पाय उचलला तर सावली जागची हलेना. बोरीच्या काट्यांत पदर अडकावा तशी ती रोपाच्या मुळांत अडकली होती, आणि ओढली की बाईंच्याच टाचेत कळ जाई.

"आता हे काय नवीन?" त्या म्हणाल्या.

भूमध्य समुद्राकाठचं ते पठार म्हणजे नुसती चुनखडी. पाऊस पडतो तो दगडाच्या भेगांतून खाली गडप होतो, आणि माती म्हणून जी काही असते ती त्या भेगांतच, ओंजळभर. जंगल मोजायला चौकोन आखायचा तर खुंट्या दगडात शिरत नाहीत. म्हणून या पाहणीचे प्रमुख डॉक्टर केळशीकर यांनी शक्कल काढली होती, की कोपऱ्यांवर माणसंच उभी करायची. सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या पोंक्षेबाई इथे येऊन खुंटीचं काम करत होत्या. आज शेवटचा दिवस होता. खाली रस्त्यावर विमानतळाची बस उभी होती. तिकडे सांगलीत त्यांची लेक रेवा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येऊन बसली होती, आणि माहेरी आईचाच पत्ता नव्हता.

"मॅडम, हलू नका," पलीकडच्या कोपऱ्यावरून केळशीकर खुशीत ओरडले. "जुनिपरचं काम करताय तुम्ही. उघड्यावर ओकचं रोप करपतं. जुनिपरच्या काटेरी झुडपाआड आलं तरच जगतं."

"मी जुनिपर नाही."

"रोपाला काय त्याचं?"

"सर, माझी बस आहे. लेकीचे दिवस भरलेत."

"गुडघ्याला लागू द्या. मग सोडेल."

रोप गुडघ्याला लागलं. सोडलं नाही. केळशीकर म्हणाले, कमरेला लागू द्या. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशातली गत. बाईंनी ते उपटायला घेतलं, तर दुखलं त्यांनाच. त्यांना आपल्याच तासाची आठवण येऊन संताप आला. जुनिपर ओकला वाढवतो, आणि ओक मोठा झाला की त्याच्याच गर्द सावलीत जुनिपर वाळून जातो, हे त्या दरवर्षी वर्गात शिकवत. वर 'गरज सरो, वैद्य मरो' म्हणत, आणि मुलं हसत. काय मेलं हसण्यासारखं होतं त्यात?

दुपारही पुढे सरकेना. सावलीच अडकलेली, मग सूर्य तरी कसा कलणार? तो होता तिथेच खोळंबला.

शेळ्यांचा कळप घेऊन एक बाई आली. बोलत होती मात्र चक्क मिरजेकडचं. पोंक्षेबाईंना हायसं वाटलं. शेळीइतकी ओकच्या कोवळ्या पानांना वखवखलेली जात दुसरी नाही.

"अहो, तुमच्या शेळ्यांना हे खाऊ द्या. सगळं खाऊ द्या."

शेळ्या जवळ आल्या आणि बाईंना हुंगून मागे सरल्या.

"तुमीच लई टोचताय की हो," शेळीवाली म्हणाली.

बाईंनी हाताकडे पाहिलं. कुर्त्याच्या बाहीतून बारीक हिरव्या सुया वर आल्या होत्या.

"इकडे हाका ना त्यांना जरा. मला लेकीकडे जायचंय."

"तोंड टोचून घ्याला शेळी काय येडी हाय व्हय?" असं म्हणून ती कळप घेऊन पुढे गेली. बाईंना रडू येण्याऐवजी शिव्याच येत होत्या, पण त्या कुणाला द्यायच्या तेच कळेना.

मोबाईल वाजला.

"आई, निघालीस का?" रेवाने विचारलं.

"नाही गं. झाड आलंय माझ्या सावलीत. सोडत नाही."

"मग मीच येते."

"वेडी आहेस का? या दिवसांत? पठार चढून?"

"पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं. इथे तू नाहीस. मग हे माहेर कसलं?"

फोन ठेवून बाईंनी मान वर केली तर रेवा खाली रस्त्यावरच्या त्याच बसमधून उतरत होती. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात पिशवी. पांढऱ्या दगडांवरून ती अवघडत चढू लागली. तोवर ओक बाईंच्या खांद्याला आला होता. हाकेच्या अंतरावर आल्यावर रेवा उघड्या दगडावर मटकन बसली.

"आई, कळा सुरू झाल्यात. आता पाऊल टाकवत नाही. ऊन फार लागतंय गं."

"सर, तिला सावलीत आणा," बाई ओरडल्या.

"मी कोपरा सोडला तर चौकोन मोडेल," केळशीकर म्हणाले.

"मोडू दे मेला चौकोन."

बाईंनी दातओठ खाल्ले आणि पाय उचलला. टाचेपासून सुरू झालेली कळ डोक्यात गेली. दुकानदाराने नवं कापड टरकावावं तसा आवाज झाला, आणि सावली फाटून ओकच्या बुंध्याशी राहिली, काळी, गार. बाई धावत सुटल्या. आयुष्यात त्या इतक्या हलक्या कधी धावल्या नव्हत्या. लेकीपाशी पोचून त्या नेमक्या सूर्याच्या आड उभ्या राहिल्या आणि त्यांनी ओढणी दोन्ही हातांनी पसरली.

"आई, आलीस?" रेवाने डोळे मिटूनच विचारलं.

"आले गं."

"मग बाजूला का उभी आहेस? उन्हाच्या आड ये ना."

"आडच आहे मी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात आणखी रुंद केले. रेवाच्या तोंडावर, तिच्या पोटावर, दगडावर टेकलेल्या तिच्या मुठींवर लख्ख ऊन पडलं होतं.