कंबरदुखी

तिने कॉलरचं टोक सुईखाली सरकवलं आणि वर पाहिलं. समोरच्या मशीनवरून काजवाली ओठ हलवत होती. शर्टांच्या या कारखान्यात नाव कामावरून पडायचं. ही कॉलरवाली, ती काजवाली. खडखडाटात आवाज पोचत नसे, म्हणून बायका एकमेकींचे ओठ वाचत.

‘उद्या नक्की ना? काढून टाक ती तांबी.’

कॉलरवालीने मान हलवली.

आई गेल्यावर नवरा एकदाच म्हणाला होता, “आता मूल होऊ दे. तुझंही मन रमेल.” ती “इतक्यात नको” म्हणाली. बाळंतपणात उशाशी बसणारं माणूस उरलं नव्हतं, आणि रडूही अजून पुरतं झालं नव्हतं. त्याने पुन्हा विषय काढला नाही. नवरा समजूतदार निघाला, असं तिला वाटलं होतं. त्यानंतर काजवाली मागे लागली. तांबीने अंगावरून जास्त जातं, कंबर धरते, माझ्या नणंदेची तर आत रुतून बसली. ऐकून ऐकून हिची कंबर खरोखरच दुखायला लागली.

डबा खाताना काजवाली म्हणाली,

“आईची शाल कवटाळून किती दिवस झोपशील, बाई? कुशीत मूल घे.”

घास हातातच राहिला.

“शालीचं तुला कोणी सांगितलं?”

“तूच की. नाहीतर काय शाल माझ्या स्वप्नात आली?”

असेल. दुःखात माणूस काय काय बोलून जातं. पण शाल ती दिवा मालवल्यावरच काढायची आणि उजाडायच्या आत कपाटात ठेवायची.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती दवाखान्यात गेली. घरी ती कंबरेचंही बोलली नव्हती, दवाखान्याचंही नाही. डॉक्टरबाईंनी नीट तपासलं.

“तांबी जागच्या जागी आहे. कंबर मशीनवर वाकून धरली असेल. तरी काढायची असेल तर काढू. काय करायचं?”

“मला विचारताय?”

“मग कोणाला विचारू?”

ती उठून बसली.

“राहू दे.”

दुपारी ती मशीनवर येऊन बसली. काजवालीच्या भुवया वर गेल्या. कॉलरवालीने ओठ सावकाश हलवले, एकेक अक्षर दिसेल असे.

‘काढली.’

काजवाली हसली आणि पाठ थोपटल्यासारखा हात तिने हवेतच हलवला.

संध्याकाळी दार ढकललं तर नवरा ओट्यापाशी कांदा चिरत होता. नाक ओढत, डोळे पुशीत.

“आज मी करतो. तू पड जरा.”

“आज काय विशेष?”

“सहज. रोज तूच राबतेस.”

त्याने खुर्ची ओढली, तिच्या पाठीशी उशी लावली. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

“कंबर कशी आहे आता?”

“थांबली दुखायची,” ती म्हणाली. आणि तेवढं खरं होतं.