पिवळे खळगे

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं ती काडी आत्याच्या हाती सुकन्यानेच दिली होती. माळशिरसच्या माळावरची एक कडू वेल ती सोलापूरच्या प्रयोगशाळेत तपासत होती. शेळीसुद्धा तोंड लावत नाही अशी वेल. तिच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्या, तेव्हा धीर कसला तो धरवला नाही पोरीला. तिने लगेच गावी आत्याला, केराबाईला, फोन केला. केराबाईच्या छातीत कॅन्सरचीच गाठ होती.

झालं! "आता सलाईन नगं," म्हणून केराबाई केमोला अडून बसली. पुढे वेलीची दुसरी तपासणी झाली नि सुकन्याची झोप उडाली. आज सलाईनची पाळी होती. तिने आत्याला शपथ घालून बोलावून घेतलं आणि आधी प्रयोगशाळेत आणलं.

प्लेटमध्ये ओळीने बारीक खळगे होते.

"ह्यात पेशी असत्यात, आत्या. वरनं पिवळं पाणी घालायचं. पेशी जित्या असल्या तर ते जांभळं हुतं. मेल्या तर पिवळंच ऱ्हातं."

"वरली वळ माझ्या रोगाची?"

"व्हय."

ती ओळ पिवळीधमक होती. केराबाईचे हात आपसूक जोडले गेले. धनगराच्या घरात पिवळा म्हणजे बिरोबाचा भंडारा, देवाचा होकार. "बिरुदेवाच्या नावानं चांगभलं!" म्हणत तिने कमरेच्या पिशवीतून हळदीची चिमूट काढली. ती प्लेटला लावणार, तोच सुकन्याने तिचा हात धरला.

"खालची वळ बघ. ती निरोगी माणसाच्या पेशींची."

तीही पिवळीच होती.

"म्हंजी?"

"ही वेल आपलं-परकं बघत न्हाय, आत्या. सगळंच मारती."

केराबाई काही ऐकून घेणारी बाई नव्हे. "सलाईन तरी येगळं काय करतंय? माजं केस गेलं की!"

"त्याचं माप ठाऊक हाय. किती दिलं म्हंजी गाठ मरती आन् माणूस तगतो, ते तपासलेलं हाय. वेलीचं माप कुणालाच ठाऊक न्हाय."

"कवा कळंल?"

"लई वर्सं लागतील. कदाचित कळायचं बी न्हाय."

"म्हंजी माझ्यासाठी न्हाय."

खोटं बोलावं असं सुकन्याला फार वाटलं.

"न्हाय, आत्या."

केराबाई स्टुलावर टेकली. मग पिशवीतून प्लॅस्टिकची एक बाटली काढून तिने टेबलावर ठेवली. आत हिरवा रस होता, तळाशी बोटभर उरलेला.

सुकन्याने वेलीचा रस ओळखला. "कवापासनं पितीस?"

"तुजा फोन आला तवापासनं. रोज घोटभर."

सुकन्याला रडू आवरेना. केराबाईच्या हातातली हळदीची चिमूट अजून तशीच होती. तिने ती भाचीच्या कपाळाला लावली.

"उठ. जाऊ डागतराकडं. पर ह्या रसाचं तूच सांग. मला लाज वाटती."

"लाज तुजी न्हाय, माजी हाय," सुकन्या म्हणाली आणि बाटली हातात घेऊन पुढे झाली.